फोडणाऱ्याच्या अंगावरची काच

काच फुटली की घरात पहिला आवाज उठतो तो आजीचा, "अनवाणी फिरू नका रे, आधी केरसुणी आणा!" मग सगळे तुकडे सुपलीत भरायचे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि लांब नेऊन टाकायचे, म्हणजे कुणा लेकराच्या पायात जायला नकोत. पेला फुटला असेल तर हे असंच करावं. पण पोरांनो, काच कुणी मुद्दाम फोडली असेल, घरात शिरायला किंवा दुकान लुटायला, तर केरसुणीला हात लावायच्या आधी थांबावं. त्या तुकड्यांत घाव कुठल्या बाजूनं बसला ते असतं, कुठला तडा आधी गेला आणि कुठला नंतर ते असतं, आणि खरं नवल तर पुढंच आहे. त्या काचेचा थोडा भाग तिथं सापडतच नाही, कारण फोडणारा तो आपल्या अंगावर घेऊन घरी गेलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

समजा, आपल्या नागापुरातच, मनमाड रोडला लागून, एमआयडीसीकडे वळताना एक किराणा दुकान आहे. पौषातली थंडी आहे, रात्रपाळीची माणसं केव्हाच कारखान्यात गेली आहेत, आणि कुणीतरी मागच्या खिडकीचं तावदान दगडानं फोडून गल्ल्यातली रक्कम नेली. पहाटे सीना नदीच्या पुलाजवळ गस्तीच्या पोलिसांना एक गडी दिसला, अंगात लोकरी स्वेटर, खिशात सुटे पैसे बरेच. तो म्हणतो, "साहेब, मी त्या दुकानाकडे फिरकलोसुद्धा नाही." दुकानदार म्हणतो, हाच असणार. बघितलेलं कुणीच नाही. आता त्या गड्याला तिथंच उभा राहू द्या, आपण आधी काचेची चौकशी करू, कारण साक्षीला येणाऱ्याचं कूळ-मूळ ठाऊक असलेलं बरं.

काच म्हणजे मुळात वाळू. चांगली पांढरी वाळू, त्यात धुण्याच्या सोड्याच्या जातीचा सोडा आणि चुनखडी, एवढं सगळं दीड हजार अंशांच्या आसपास तापवलं की त्याचा रस होतो, आणि तो रस थंड होताना साखरेचे किंवा मिठाचे पडतात तसे खडे न पडता आहे तसाच थिजतो. म्हणून काचेला मिठाच्या खड्यासारखी ठरलेली पैलू-फूट नाही. ती फुटते ती घाव नेईल तशी, आणि म्हणूनच घावाची खूण तिच्यात राहते. आपल्याकडे कणकवली तालुक्यात कासार्डे भागात अशी सिलिका वाळू निघते. वाळूबरोबर थोडं लोखंड येतंच. खिडकीची काच कडेनं पाहिली तर हिरवट दिसते ना, ती त्याच लोखंडाची कळा.

आणि काचेचं नाव निघालं की तळेगावची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. स्वदेशीच्या दिवसांत लोकांनी एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा केला आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना काढला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पुढं १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, त्या जागेला ओगलेवाडी हे नावच पडलं, आणि तिथला प्रभाकर कंदील घराघरांत लागला. त्या कंदिलाची काच तापलेली असताना पावसाचा एक थेंब जरी पडला तरी ती तडकायची. ती तडक नीट पाहण्यासारखी असते: नागमोडी, भटकत गेलेली, कुठंही घावाचा बिंदू नसलेली. दगड लागून फुटलेली काच अशी कधीच दिसत नाही. आग लागलेल्या घरात खिडकी उष्णतेनं तडकली की आग लागायच्या आधीच कुणी फोडली होती, हे तपासणारा माणूस सगळ्यात आधी या नागमोडीवरूनच अदमासतो.

आता दगडाचा घाव. तुम्ही काचवाल्याला तावदान कापताना पाहिलंय का? हिरकणी एकदा सरळ ओढतो, बारीक करकर होते, मग हलकेच दाबतो आणि काच त्या रेघेवर दुभंगते. एवढी कडक वस्तू, आणि केसाएवढ्या ओरखड्यानं हार मानते. काच दाबाला पक्की आणि ताणाला कच्ची, ताण पडला की पृष्ठावरच्या न दिसणाऱ्या ओरखड्यापाशी ती उलते, हे १९२० च्या सुमारास ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हिशेबानं मांडून दाखवलं. बाभळीची ओली फोक वाकवून बघा, ती मोडायला लागते ती बाहेरच्या, ताणलेल्या बाजूनं, आतल्या बाजूनं नव्हे. तावदानाचंही तेच होतं. दगड या बाजूनं लागला की काच पलीकडे फुगते, पलीकडची बाजू ताणली जाते, आणि पहिले तडे तिकडून सुटतात. ते घावाच्या जागेपासून चहूकडे किरणांनी धावतात, सेकंदाला जवळजवळ दीड हजार मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून जास्त. फुटल्याचा आवाज तुमच्या कानी पडेपर्यंत तिथला सगळा कारभार आटोपलेला असतो. मग त्या किरणांमधले त्रिकोणी तुकडे आणखी पुढं ढकलले जातात, आता त्यांची अलीकडची बाजू ताणली जाते, आणि आडवे गोल तडे जातात ते या बाजूनं सुरू होऊन.

हे सगळं त्या तुकड्याच्या कडेवर उमटलेलं असतं. किरणी तड्याचा एक तुकडा उचला, अर्थात हात जपून, आणि त्याची फुटलेली कड उजेडात तिरपी धरा. कडेवर बारीक बारीक वक्र रेघा दिसतील. जिथून तडा सुटला त्या पृष्ठाला त्या काटकोनात भिडलेल्या असतात, आणि दुसऱ्या पृष्ठाकडे जाता जाता वळून त्याच्या अंगानं लोळतात. किरणी तडा घावाच्या पाठीमागून सुटतो, तेव्हा काटकोन जिकडे, त्याच्या उलट बाजूला घाव. आता प्रश्न एवढाच की तुकड्याची बाहेरची बाजू कुठली. ती सांगते बाहेरची धूळ, पावसाचे डाग, चौकटीची लांबी आणि तिच्यावरचा रंग. म्हणूनच जमिनीवर पडलेल्या ढिगापेक्षा चौकटीत अडकून राहिलेले दोनचार दात तपासणाऱ्याला जास्त मोलाचे वाटतात, कारण त्यांची बाजू ठरलेली असते. घरच्याच माणसानं आतून काच फोडून "चोरी झाली हो!" म्हणून विमा मागायचा बेत केला, तर तो बेत बहुधा याच रेघांपाशी अडकतो. कडक केलेल्या किंवा थर देऊन जोडलेल्या काचेला मात्र हा नियम लावता येत नाही, तिची तऱ्हा वेगळी, ती पुढं येईल.

एकाच काचेला दोन घाव असतील तर कुठला आधीचा, हेही कळतं. धावता तडा आधीच्या तड्यापाशी येऊन थांबतो, ओलांडून जात नाही, कारण पुढं जायला सलग काचच उरलेली नसते. ज्याचे तडे दुसऱ्यापाशी येऊन थांबले, तो घाव नंतरचा. गोळी आरपार गेली असेल तर भोक बाहेर पडायच्या बाजूला रुंद होतं, म्हणजे आत येताना बारीक आणि जाताना मोठं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आपल्याला वाटतं, दगड मारला तर काच सगळी आत पडणार. मोठे तुकडे पडतातही आत. पण वाकलेलं तावदान फुटताक्षणी मागं उसळतं, आणि अलीकडच्या पृष्ठावरून, तड्यांच्या कडांवरून, बारीक कणांचा एक सडा मारणाऱ्याच्याच दिशेनं उडतो. न्यूझीलंडमध्ये नेल्सन आणि रेव्हेल या दोघांनी १९६७ साली तावदानं फोडून, अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रं घेऊन हे दाखवलं. कण मागं दहा फुटांपर्यंत उडाले होते. डोळ्यांना काही दिसत नाही, अंगाला काही टोचत नाही. अर्ध्या मिलिमीटरचे, पाव मिलिमीटरचे कण केसांत, कॉलरच्या घडीत, खिशाच्या तोंडाशी जाऊन बसतात. फ्रान्समधल्या लिऑं शहरात १९१० साली पोलिसांची प्रयोगशाळा काढणारा एडमंड लोकार जन्मभर हेच सांगत आला: दोन गोष्टी भिडल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतंच.

पण ते कण कायमचे चिकटून बसत नाहीत बरं. माणूस चालतो, बसतो, अंग झटकतो, आणि पहिल्या तासा-दोन तासांतच त्यांतले बहुतेक गळून जातात. नायलॉनच्या जाकिटावरून ते लगेच घसरतात, लोकरीत मात्र अडकतात. आपल्याकडची घोंगडी असेल तर मग बघायलाच नको, त्या खरबरीत विणीत शिरलेला कण झटकून निघत नाही. म्हणून आपल्या त्या पुलाजवळच्या गड्याचा स्वेटर पहाटेच काढून घेतला, हे उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला असता तर हाती काय लागलं असतं कुणास ठाऊक. जोड्याच्या तळव्यात रुतलेल्या काचेला मात्र फार किंमत देऊ नये, कारण रस्त्यावरची काच आपल्या सगळ्यांच्याच तळव्यांत असते. अंगावरच्या कपड्यांवर ताजी काच असणं ही रोजची गोष्ट नव्हे.

आता पंचनामा होतो, पंचांच्या सह्या होतात, स्वेटर स्वच्छ कागदात वेगळा गुंडाळतात, तावदानाचे तुकडे वेगळ्या डबीत. दोन्ही एकाच माणसानं एकाच टेबलावर हाताळायचे नाहीत, नाहीतर इकडचा कण तिकडे गेला की साक्ष बुडाली. मग लाखेचं सील लागतं आणि मुद्देमाल प्रयोगशाळेकडे निघतो. पोलीस आणि वकील अजूनही "सीए रिपोर्ट आला का?" असंच विचारतात, कारण मुंबईत १८७० पासून सरकारी रासायनिक विश्लेषक, म्हणजे केमिकल ॲनालायझर, बसतोय. राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला आहे, तशीच प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकलाही आहे. १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तर सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं स्वतः जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा असं लिहिलंय, आणि राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण काचेचा पुरावा प्रयोगशाळेत नव्हे, जागेवरच वाचतो किंवा बुडतो.

प्रयोगशाळेत काय करतात ते तुम्हाला घरी करून बघता येईल. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणा आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडी मास्तरांना विचारून घ्या. कांडी पाण्यात बुडवा, स्पष्ट दिसेल. ग्लिसरीनमध्ये बुडवा, आणि बुडालेला भाग नाहीसा होईल! हात लावला तर कांडी तिथंच आहे, नजरेला मात्र नाही. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना वाकतो, आणि कडा दिसतात त्या त्या वाकण्यामुळं. हे वाकणं मोजायचा आकडा म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, ग्लिसरीनचा १.४७, आणि त्या काचेचाही १.४७ च्या आसपास. दोघांचे आकडे जुळले, प्रकाश वाकायचा थांबला, कड गेली.

स्वेटरवरून टिपलेल्या कणाचं हेच करतात, फक्त ग्लिसरीनच्या जागी सिलिकॉन तेलाचा थेंब आणि डोळ्याला सूक्ष्मदर्शक. ओठावर ठेवला तर जाणवणार नाही एवढा तो कण, काचपट्टीवर तेलात बुडवून, सोडियमच्या पिवळ्या उजेडात बघतात. त्याच्या कडेला एक उजळ रेघ दिसते. ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिक बेके या खनिजशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती दाखवून दिली, म्हणून ती बेकेची रेघ. सूक्ष्मदर्शकाची नळी किंचित वर उचलली की ती रेघ ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे सरकते. मग खालची पट्टी हळूहळू तापवतात. तेलाचा आकडा दर अंशाला सुमारे ०.०००४ नं उतरत जातो, काचेचा जवळजवळ जागचा हलत नाही. रेघ फिकी होते, आणखी फिकी होते, आणि एका ठरावीक तापमानाला कण दिसेनासा होतो. ते तापमान लिहून घ्यायचं. आणखी तापवलं की कण पुन्हा दिसू लागतो, पण रेघ आता उलट्या बाजूला सरकते. मग दुकानाच्या तावदानाचा कण त्याच तेलात, त्याच पट्टीवर. दोन्ही एकाच अंशाला दिसेनासे झाले तर चौथ्या दशांश स्थळापर्यंत आकडे जुळले म्हणायचे.

दुकानदार म्हणेल, झालं, पकडला! पण इथं शहाणा तज्ज्ञ सावध होतो, आणि मला त्याचा हा सावधपणाच आवडतो. खिडकीची काच आता पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ साली जाहीर केलेल्या पद्धतीनं, वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. एकेका भट्टीतून दिवसाला शेकडो टन निघते आणि गावोगावच्या खिडक्यांत जाऊन बसते. शेजारच्या घराची काचही त्याच भट्टीची असू शकते. तेव्हा कण तिथलाच असं तो म्हणत नाही, तिथून आलेला असू शकतो, असं म्हणतो, आणि मग तसा आकडा इतरत्र किती आढळतो याचा हिशेब मांडतो. १९७७ साली डेनिस लिंडली या संख्याशास्त्रज्ञानं हाच प्रश्न घेऊन एक निबंध लिहिला, तो आजही अभ्यासतात. आणखी खात्री हवी तर कणावर लेसर मारून त्याची वाफ करतात आणि स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, बेरियम अशी मूलद्रव्यं दशलक्षांत किती आहेत ते मोजतात, कारण वाळूच्या खाणीनुसार ती बदलतात. वाळू कुठली ते काच विसरत नाही. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी उत्खनन केलं, तिथं काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे मिळाले. असले जुने मणी आता याच लेसरखाली तपासतात, आणि ॲल्युमिना भरपूर असेल तर काच इथल्या वाळूची, कमी असून सोडा रोमन जातीचा असेल तर समुद्रापलीकडून आलेली, असा निवाडा होतो.

आता मघाशी राहिलेली कडक काच. मनमाड रोडवर, विळद घाटाच्या बाजूला, अपघात झाल्यावर रस्त्याच्या कडेला डाळिंबाच्या दाण्याएवढे चौकोनी तुकडे पडलेले दिसतात, ती गाडीच्या बाजूची काच. ती तापवून वरून एकदम गार करतात, त्यामुळं पृष्ठ दाबात आणि पोट ताणात राहतं. एका जागी भेदलं की अख्खी काच क्षणात दाण्यांत मोडते. राजपुत्र रूपर्टनं १६६० च्या सुमारास इंग्लंडच्या राजाला काचेचे असेच गमतीचे थेंब दाखवले होते, ज्यांच्या डोक्यावर हातोडा मारला तरी फुटत नाहीत आणि शेपूट चिमटली की पीठ होतं. समोरची काच वेगळी. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३ साली एक चंबू पडला, तडकला पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या द्रावणाचा पापुद्रा होता. त्यावरून दोन काचांमध्ये पापुद्रा घालायची कल्पना निघाली.

आणि दिव्याची काच. रात्री दोन गाड्या धडकतात, एक ड्रायव्हर म्हणतो, "समोरच्याचे दिवे बंद होते," दुसरा शपथेवर सांगतो, "चालूच होते." तिसरा माणूस तिथं नसतो. तेव्हा तपासणारा फुटलेल्या हॅलोजनच्या बल्बची तार चिमट्यानं काढून घेतो. दिवा बंद असताना बल्ब फुटला असेल तर टंगस्टनची तार चकचकीत राहते, मोडली असेल तर साफ मोडते. चालू असेल तर ती अडीच हजार अंशांच्या घरात पांढरी तापलेली असते. बल्ब फुटून हवा आत शिरताक्षणी ती जळून काळवंडते, आजूबाजूला पिवळट-पांढरी भुकटी बसते, आणि फुटलेल्या काचेचे जे बारीक कण त्या तापल्या तारेवर पडतात ते जागीच वितळून तिला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली तारेच्या वेटोळ्यांवर काचेचे गोल, चकाकणारे थेंब दिसतात. थंड तारेवर काच अशी वितळू शकत नाही. ते थेंब दिसले की अहवालात लिहितात: काच फुटली तेव्हा दिवा चालू होता.